धाग्याला उभा राहिलेला हुजूर

ज्याने तुमच्याकडे मागितलं नव्हतं, त्याचं नाव तुम्ही कधी बदललं आहे का? उत्तराची घाई करू नका. मला कोणी हा प्रश्न विचारला असता, तर मी छातीवर हात ठेवून ‘नाही’ म्हटलं असतं, आणि वर या विषयावर माझं छापील पत्रक हातात दिलं असतं. सतरा वर्षांची होते मी. लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत मोडावी असं ते पत्रक सांगत होतं. त्याच आठवड्यात आमच्या अंगणात एक घोडा आला आणि मी त्याचं नाव बदललं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मला तेव्हा दिसलं नाही. जिला दिसलं ती भाकरी थापत होती, आणि तिचं कोणी ऐकत नसे.

आमचं घर सुताचं होतं. नाना, म्हणजे माझे वडील, व्यापाऱ्याकडून सुताचे गठ्ठे उचलत आणि बुऱ्हाणपूरच्या मोमिनांच्या गल्ल्यांतून विणकरांच्या दारी पोचवत. घरात पहाटेपासून मागांचा खटका ऐकू यायचा, आमचा नव्हे, मागच्या गल्लीतला. तो थांबला की आई म्हणायची, आज जुम्मा असेल नाहीतर कोणी मेलं असेल. ओसरीवर सुताच्या गुंड्या, कोपऱ्यात माझा चरखा, आणि भिंतीतल्या कोनाड्यात नानांनी चळवळीच्या दिवसांपासून जपलेली पत्रकं. काही हाताने लिहिलेली, काही चोरून छापलेली, घामाने आणि घड्यांनी विरलेली. पाटीच्या आधी मी अक्षरं शिकले ती या कागदांवर. माझं पहिलं जोडाक्षर ‘स्वातंत्र्य’. त्यामुळे मला वाक्यं बोलता येण्याआधी घोषणा देता येत असत, असं नाना कौतुकाने सांगत आणि आई कपाळावर हात मारून सांगे.

सूत पोचवायला आमच्याकडे टांगा होता. मागची बैठक काढून तिथे गठ्ठे बांधायचे. जुनी घोडी म्हातारी होऊन गेली, आणि त्याच सुमाराला माळव्यातलं एक लहान संस्थान विलीन झालं. राजवाड्याची पागा मोडली. घोडे लिलावात निघाले. नाना तिकडून एक उंच, अंगाने सुकलेला, कपाळावर पांढरा ठिपका असलेला कुमैत, म्हणजे काळसर तांबडा, घोडा घेऊन आले. घोड्याबरोबर त्याचा मोतद्दारही आला, बशीरचाचा. पागा मोडली तशी त्यांची नोकरी मोडली होती, आणि त्यांची लेक आमच्याच मागच्या गल्लीत मोमिनांच्या घरी दिलेली होती. तिच्याकडे राहायचं आणि घोड्यापुरतं आमच्याकडे यायचं, असं ठरलं. नानांनी घोड्याचं नाव विचारलं. चाचांनी पाठ ताठ केली, दोन्ही टाचा जुळवल्या आणि सांगितलं, “हुजूर.”

माझ्या अंगाची आग झाली. राजे गेले आणि हुजूर आमच्या अंगणात. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की या घरात हा शब्द चालणार नाही. घोड्याचं नाव आजपासून नागरिक. नाना हसले, पण त्यांना आवडलं. आईने चुलीपाशी बसल्या बसल्या माझ्याकडे पाहिलं.

“बाईचं नाव बदलवू नये, असं तूच लिहिलं ना परवा? मंग घोड्याचं कायले बदलवते? त्यानं तुले अर्जी देली का?”

मी म्हटलं, ते वेगळं आणि हे वेगळं. ते गुलामीकडे नेतं, हे गुलामीतून सोडवतं. आईने भाकरी उलटली. कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता त्या दिवशी. वाद हरला की आई ठेच्यात मिरची वाढवत असे.

नागरिकाला बांधता येत नसे. हे पहिल्याच दिवशी कळलं. नानांनी त्याचा दोर भिंतीतल्या कडीला अडकवला आणि वळले, तोच त्याने मागे झेप घेतली. तोंडाची मोहरकी तुटली, कडीबरोबर भिंतीचा पोपडा आला, आणि घोडा अंगणाच्या मध्यावर उभा राहून थरथरत राहिला. पळाला नाही. पळायचं नव्हतंच त्याला. नुसता दोर नको होता. टांग्याला जुंपला की तो सरळ चाले, गर्दीत बुजत नसे, लहान पोर पायांत आलं तर पाय उचलून धरी. पण सूत पोचवण्याचा धंदा चालण्याचा नाही, थांबण्याचा आहे. दहा दारं, दहा ठिकाणी घोडा बांधायचा, गठ्ठा आत न्यायचा, वजन करायचं, दोन शब्द बोलायचे. तिसऱ्या दिवशी एका विणकराच्या दारातल्या खांबाला नानांनी त्याला बांधलं. खांब वाकला, टांगा गटारावर आडवा झाला, आणि पांढरंशुभ्र सूत काळ्या पाण्यात गेलं. दारातला म्हातारा विणकर थोडक्यात वाचला.

घरी आल्यावर नाना ओरडले नाहीत. हातपाय धुतले, चहा घेतला आणि म्हणाले, “पाहाय इंदे, दसऱ्यापावेतो. उभा राह्यला तर आपला. नहीं तर चुन्याच्या भट्टीवाला मागून राह्यला त्याले.”

चुन्याच्या घाणीवर डोळ्यांना झापड बांधून जनावर दिवसभर गोल फिरतं. तिथे थांबावं लागत नाही, म्हणून बांधायचा प्रश्नच येत नाही. भट्टीवाल्याकडचे घोडे मी पाहिले होते. त्यांच्या पापण्यांवरही चुना बसलेला असे. पत्रकात शोभणारं एक वाक्य मला लगेच सुचलं, आणि मी नानांना सांगितलं की याला मी शिकवेन.

शिकवलं खरं तर चाचांनी. मी हात होते आणि आवाज होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला घोड्यापासून दूर ओट्यावर बसवलं आणि पागेची गोष्ट सांगितली. सांगताना ते माझ्याकडे नाही, घोड्याकडे बघत होते, जणू त्याच्या परवानगीने बोलत होते. पागेत घोडे अगाडी-पिछाडी लावून उभे असत, दोन दोर तोंडाकडून, दोन मागच्या पायांकडून. हुजूर असा वर्षानुवर्षं उभा राहिला होता, झोपल्यासारखा शांत. मग संस्थान गेलं. जुन्या सरकारने चावी ठेवली आणि नव्या सरकारने ती उचलली नाही. मधले काही आठवडे पागा कोणाचीच नव्हती. पगार बंद, गवत बंद. मोतद्दार एकेक करून गेले. चाचा लेकीच्या बाळंतपणाला म्हणून इकडे आले होते. परत गेले तेव्हा फाटकाला सील होतं. दोन दिवस त्यांना आत सोडलं नाही. सोडलं तेव्हा हुजूरच्या डाव्या उजव्या बाजूचे दोन घोडे दोरांतच मेलेले होते, आणि तो त्यांच्यामध्ये उभा होता.

“बँधने से नहीं डरता ये,” चाचा म्हणाले. “बाँध के जाने वाले से डरता है.”

एवढं एक वाक्य कळलं की पुढचं सगळं त्यातून निघतं. घोड्याला उभं राहायला शिकवायचं नव्हतं. जो बांधून जातो तो परत येतो, हे शिकवायचं होतं. म्हणून गाठ मारायची नाही. दोर कडीतून ओवायचा आणि दुसरं टोक हातात धरायचं. तो मागे ओढेल तर थोडा सैल सोडायचा, पुढे आला की आपणही ओढ सोडायची. दोर भिंत नाही, दोर म्हणजे पलीकडे कोणीतरी आहे, एवढं त्याच्या मानेला कळू द्यायचं. ते कळायला नऊ दिवस लागले. मग गाठ, सरकगाठ, एका ओढीत सुटणारी. मग दूर जाणं. दोन पावलं, परत. अंगणाच्या दारापर्यंत, परत. परत आल्यावर गुळाचा खडा किंवा साल न काढलेलं केळं. खुर आपटत असेल तेव्हा परत यायचं नाही, नाहीतर खुर आपटल्याने माणूस येतं असं तो शिकेल. थांबला, श्वास सोडला, की त्याच क्षणी यायचं.

भिंतीआड गेल्यावर तो मला दिसत नसे आणि मी त्याला. तेव्हा चाचांनी सांगितलं, काहीतरी बोलत राहा, म्हणजे त्याला कळेल की गेली तरी आहे. मी दुसरं काय बोलणार? कोनाड्यातली पत्रकं काढली आणि भिंतीआडून मोठ्याने वाचायला लागले. आधी एक परिच्छेद, परत. मग एक पान, परत. मग सबंध पत्रक. जमीनदारी, मजुरी, दारू, पडदा, हुंडा. त्या घोड्याइतकी माझी पत्रकं आजवर कोणी शेवटपर्यंत ऐकली नाहीत. आई म्हणे, “मार खाल्लेला बरा, बिचाऱ्याले.” पण श्रावण संपता संपता मी हुंड्यावरच्या पत्रकाच्या मध्यावर होते, आणि भिंतीपलीकडून एक लांब फुरफुर ऐकू आली, ओठ सैल सोडून केलेली. डोकावून पाहिलं तर नागरिक मागचा एक पाय मोडून, मान खाली सोडून, डोळे अर्धे मिटून उभा होता. माझा आवाज थांबला तसा त्याने एक कान वळवला. मी परत वाचू लागले, तसा कान सैल पडला.

ते मी आजही विसरू शकत नाही, आणि का ते पुढे येईलच. माझा दुरून येणारा आवाज म्हणजे ‘उभा राहा, मी येतेय’, हे मी त्याच्या हाडांत उतरवलं होतं.

एक गोष्ट मात्र माझी आणि चाचांची जुळली नाही. पागेतली पद्धत अशी, की घोडा सोडताना मोतद्दार त्याच्या खांद्यापाशी थाप मारी आणि म्हणे, ‘चल हुजूर’. त्या दोन शब्दांवर घोडा सुटत असे. दोर निघालेला असो की नसो, त्या शब्दांपर्यंत तो हलत नसे, आणि ते शब्द आले की कोणासाठी थांबत नसे. चाचा म्हणाले, ठहरने का सिखाया तो छूटने का लफ़्ज़ भी चाहिए, बिटिया. मी म्हटलं, तो शब्द नको. ते म्हणाले, मग दुसरा शिकवू, पण वेळ लागेल. मी म्हटलं, शब्दच कशाला, मी स्वतः येऊन दोर सोडते ना. दसरा जवळ आला होता आणि मला निकाल हवा होता. चाचा दोर गुंडाळू लागले. संध्याकाळी खरारा करताना मात्र ते त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत, आणि त्या घोड्याच्या अंगावरून मानेपासून शेपटीपर्यंत एक शिरशिरी जाई. काय पुटपुटतात ते मला माहीत होतं. मी ऐकलं नाही असं दाखवत असे. मोठेपणा वाटायचा मला त्यात.

पोळ्याला आईने बैल नसताना घोड्यालाच ओवाळलं, कपाळाच्या ठिपक्यावर कुंकू लावलं आणि पुरणपोळी भरवली. नानांनी त्याच आठवड्यात त्याला पुन्हा गल्लीत नेलं. दहा दारं, दहा ठिकाणी तो उभा राहिला. गटारात ज्याचं सूत गेलं होतं त्या म्हाताऱ्या विणकराच्या दारी तर तो डुलकी काढत होता. म्हातारा नानांना म्हणाला, भाई, इसको तो धागे से बाँध दो तब भी खड़ा रहेगा. चेष्टेत म्हणाला. नानांनी घरी येऊन ती चेष्टा सांगितली, आणि मी त्याच दुपारी चरख्यावरचं सूत तोडून एकेरी धाग्याने त्याला कडीला बांधलं. तो उभा राहिला. हाताने कातलेला धागा, ज्याने धड गुंडीही बांधता येत नाही, आणि पलीकडे एवढं मोठं जनावर. मला वाटलं, सगळ्या पत्रकांचं सार मला सापडलं. बळ नको, साखळी नको, विश्वासाचा एक धागा पुरतो. चाचांनी तो धागा बोटाने चाचपला आणि एवढंच म्हणाले, याचा तमाशा करू नका. मला तो जुन्या माणसाचा जुना संकोच वाटला.

भाद्रपदात राजघाटावर सभा होती. आम्ही सतरा-अठरापासून पंचविशीपर्यंतची पोरं, चार-दोन शिक्षक, गल्लीतले विणकर, नदीवर आलेली माणसं. विषय विलीनीकरणाचा. भाषण माझं होतं, आणि मी ठरवलं होतं की भाषणाबरोबर दाखला द्यायचा. घाटासमोर पात्रात खडकाचा एक लांब पट्टा आहे. पाणी उतरलेलं असलं की घोटाभर ओहोळ ओलांडून तिथे जाता येतं. त्या पट्ट्यावर नाव बांधायचा एक जुना खुंटा होता. मी नागरिकाला तिथे नेलं आणि सगळ्यांच्या देखत माझ्या सुताच्या धाग्याने त्या खुंट्याला बांधलं. मग ओहोळ ओलांडून पायऱ्यांवर येऊन उभी राहिले. तो शुक्रवार होता. चाचा नमाजाला गेले होते. खरं सांगायचं तर मी तो दिवस शुक्रवार म्हणून निवडला नव्हता, पण शुक्रवार आहे याचं मला बरं वाटलं होतं.

ऊन पडलं होतं. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. मी बोलायला लागले. राजे गेले, पण त्यांनी आपल्या जिभेवर ठेवलेले शब्द गेले नाहीत, असं म्हणाले. सरकार, मायबाप, हुजूर. मी म्हटलं, ज्याच्या तोंडी हुजूर त्याच्या मानेवर राजा अजून बसलेला आहे. टाळ्या पडल्या. मी पात्राकडे हात केला. पाहा, दोर नाही, चाबूक नाही, आपल्या घरच्या सुताचा एक धागा. आणि तो उभा आहे, कारण तो आता कोणाचा हुजूर नाही, नागरिक आहे. पुन्हा टाळ्या पडल्या. दूर खडकावर माझा आवाज पोचत होता. त्याने मागचा पाय मोडला आणि मान सोडली.

तापीचं पाणी बुऱ्हाणपूरच्या पावसाने चढत नाही. ते वरून येतं, बैतूलच्या डोंगरांत पडलेलं, आणि इथे ऊन असताना येतं. हे घाटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. नावाड्याने वरून आरोळी दिली तेव्हा मी शेवटच्या परिच्छेदावर होते. पाहिलं तर पाण्याचा रंग बदलला होता. मातकट, फेसाळ, काड्या आणि पालापाचोळा घेऊन ते खडकाच्या कडेने वर येत होतं. माणसं पायऱ्या चढू लागली. मधला घोटाभर ओहोळ मी उतरेपर्यंत मांडीपर्यंत झाला, आणि नावाड्याने माझा दंड धरला. घाटासमोर पात्रात एक जुना दगडी हत्ती आहे, पाणी किती चढलं ते त्याच्यावरून ओळखतात; त्याच्या पायांना पाणी लागलं होतं. तो म्हणाला, हत्तीच्या पोटाला लागलं की मग कोणी जात नाही, बाई. जनावर मोकळंच आहे, हाक मारा त्याला.

मी हाक मारली. “नागरिक, ये.” त्याने डोकं उचललं, दोन्ही कान माझ्याकडे केले, मला ओळखलं. आणि मान पुन्हा सैल सोडली. मी ओरडले. जितकी ओरडत होते तितका तो शांत होत होता. पाणी त्याच्या खुरांवरून गेलं. मी दुरून बोलतेय म्हणजे मी येतेय, असं त्याला मीच सांगितलं होतं, भिंतीआडून, दोन महिने, पानामागून पान. तो धागा त्याने श्वासानेही तोडला असता. तो धाग्याने बांधलेला नव्हता.

मला काय करायचं ते माहीत होतं. त्या क्षणी, पहिल्याच हाकेनंतर, मला लख्ख माहीत होतं. दोन शब्द. आणि माझ्या मागे पायऱ्यांवर सबंध सभा उभी होती, जिच्यापुढे मी आत्ताच म्हटलं होतं की ज्याच्या तोंडी हा शब्द त्याच्या मानेवर राजा. त्यात एक-दोन तरुण होते ज्यांनी माझ्याबद्दल चांगलं मत करून घ्यावं असं मला वाटत होतं. मी गप्प राहिले. किती वेळ, ते मी आयुष्यभर मोजत आले. कधी वाटतं, चार श्वास. कधी वाटतं, एक सबंध पान वाचून होईल एवढा. पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चढलं, तेवढा.

मग मी ओरडले. “चल हुजूर.” आवाज फाटला होता. मागे कोणीतरी हसलं. ते हसू मी अजून ऐकते.

त्याच्या अंगावरून ती शिरशिरी गेली, मानेपासून शेपटीपर्यंत. त्याने पाऊल उचललं. धागा कधी तुटला ते कोणालाच दिसलं नाही. त्या शब्दांवर तो कोणासाठी थांबत नसे, तसा थांबला नाही. सरळ माझ्याकडे यायला निघाला, कारण आवाज माझ्याकडून आला होता. मध्ये ओहोळ होता तो आता ओहोळ नव्हता. चार श्वासांपूर्वी तो त्याच्या गुडघ्यांएवढा होता. छातीला पाणी लागलं, मग खांद्याला, मग प्रवाहाने त्याला आडवं फिरवलं. पोहत होता तो. दगडी हत्तीपाशी एकदा डोकं दिसलं, कान अजून माझ्याकडे. नंतर नुसतं पाणी.

नाना आणि दोन माणसं काठाकाठाने दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चालली. काही मिळालं नाही. पाणी उतरल्यावर मी खडकावर गेले. खुंट्याला माझ्या धाग्याची गाठ होती, आणि गाठीला वीतभर सूत, चिखलाने काळं झालेलं.

चाचा आले तेव्हा मी ओट्यावर बसले होते. मला वाटलं ते रागावतील. मला रागवून हवं होतं. ते त्याच्या रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले, मग खाली बसले आणि खराऱ्यात अडकलेले लाल केस एकेक करून काढू लागले. शेवटचा केस काढून म्हणाले, “बिटिया, वो किसी राजा का नाम नहीं था. उसका नाम था.”

ते पुन्हा आमच्याकडे कामाला आले नाहीत. गल्लीत भेटले की सलाम करत, मी खाली बघत असे.

लोकांना वाटतं की मी त्यानंतर पत्रकं लिहिणं सोडलं असेल. सोडलं नाही. अन्याय अन्यायच होता, आणि आहे, आणि मी त्यावर अजून लिहिते. आमच्या गावाचा प्रांत बदलला, प्रांताचं नाव बदललं, चौकांची नावं बदलली, कितीतरी बदलांच्या बाजूने मी मोर्चात चालले. पण त्या सभेतलं ते वाक्य मी पुन्हा कधी छापू दिलं नाही. बोलता बोलता एखादं वाक्य फार चांगलं जमलं, टाळ्या पडतील असं वाटलं, की मला नदीचा रंग बदललेला दिसतो. आता पायांत जोर नाही. तरी खालून वरात गेली, बँडवाल्यांच्या गोंगाटात एखादी घोडी दिव्याखाली मान खाली घालून उभी दिसली, की मी जिना उतरते आणि तिचा लगाम धरणाऱ्याला विचारते, हिचं नाव काय? बहुतेकांना सांगता येतं. एकदा एकाने सांगितलं, नाव काही नाही. त्या दिवशी माझ्याने जिना चढवला नाही.

घोडा गेला त्याच्या आठव्या-दहाव्या दिवशी मी चुलीपाशी बसले होते. मागच्या गल्लीत खटका चालू होता, आणि इकडे आईच्या हाताखाली भाकरीचा आवाज, थप थप, थप थप. मी तिला विचारलं की लग्नाआधी तुझं नाव काय होतं. मी तिच्यासाठी पत्रक लिहिलं होतं आणि हे कधी विचारलं नव्हतं.

“कायले?” ती म्हणाली. मग हाताला पीठ लावत, “वेणू. ते नाव बोलवनारं आता कोनी राह्यलं नाही.”

मी म्हटलं, “वेणू.”

तिने मान वर केली नाही. पण तिचा हात एक थाप चुकला. मग पुन्हा सुरू झाला, आणि तिच्या मानेवरून, अगदी हलकी, मला ओळखीची एक शिरशिरी गेली.

म्हणून माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. हा कागद मिटा आणि उठा. तुमच्या घरात, शेजारात, गोठ्यात कोणीतरी असेल, ज्याला तुम्ही किंवा तुमच्या आधीच्या कोणी आपल्या सोयीचं, आपल्या तत्त्वाचं नाव दिलं आहे, आणि जे त्या नावाला शांतपणे उभं राहिलं आहे. त्याला त्याचं आधीचं नाव विचारा. सांगता येत नसेल तर ज्याला माहीत आहे त्याला विचारा. आणि मग त्या नावाने एकदा मोठ्याने हाक मारा, लोकांच्या देखत, मागे कोण उभं आहे ते न बघता. आजच मारा. ऊन आहे म्हणून पाणी येणार नाही असं धरून चालू नका.